रेघांची वही

मामा गेल्याचं मला कंपनीच्या बसमध्ये कळलं. तळवड्याच्या चौकात बस नेहमीसारखी अडकली होती, पुढं कंटेनर, मागं कंटेनर, आणि मी खिडकीशी बसून फोनवर काहीबाही वाचत होते. एचआरमधल्या पल्लवीचा मेसेज आला. "मॅडम, गराडे सर काल गेल्याचा निरोप आलाय. तुम्ही त्यांच्या शेजारी बसायचात ना? दोन ओळी द्या प्लीज, बाकी मी एआयकडून करून घेते." मी दोन ओळी दिल्या. बत्तीस वर्षं कंपनीत. फिटर म्हणून लागले, डॉक्युमेंटेशनचे प्रमुख म्हणून निवृत्त झाले. देहूला घर, घरी बायको, एक विवाहित मुलगी. बसनं चौक ओलांडायच्या आत मजकूर तयार होऊन माझ्याकडे तपासायला आला. त्यात 'ज्ञानाचा अखंड झरा' होता, 'कधीही भरून न निघणारी पोकळी' होती, आणि शेवटी 'त्यांच्या पश्चात पत्नी, कन्या व मोठा आप्तपरिवार आहे' असं होतं. मी वाचलं आणि अंगठा पाठवला. दुपारपर्यंत कंपनीच्या ग्रुपवर त्याखाली जोडलेल्या हातांची रांग लागली, आणि कॅन्टीनमध्ये मी रोजच्यासारखी एकटीच जेवले.

त्या शेवटच्या ओळीत एक चूक होती. ती यंत्राची नव्हती, माझी होती. हा लेख मी लिहिते आहे तो त्या चुकीमुळे, आणि तिच्या दोन वर्षं आधी केलेल्या दुसऱ्या, फार मोठ्या चुकीमुळे. ती मोठी चूक मामांनी आपल्या नावावर घेतली, निवृत्तीनंतर मिळणारं दोन वर्षांचं काम तिच्यापायी घालवलं, आणि मी गप्प बसले. त्यांच्या हयातीत मला ते बोलता आलं नाही. आता त्यांना जाऊन सव्वा महिना झाला. उशीर झालाय हे मला ठाऊक आहे, तरी बोलते.

मामा म्हणजे बबन गराडे. फिटर असताना शॉपवरचे, म्हणजे कारखान्याच्या शेडमधले, लोक त्यांना मामा म्हणायला लागले, आणि साहेब झाल्यावरही ते मामाच राहिले. महाळुंग्याला आमची कंपनी हायड्रॉलिक प्रेस बनवते, पत्रा दाबून त्याला आकार देणारी दोन मजली उंच यंत्रं. अशा प्रत्येक यंत्राबरोबर एक जाडजूड पुस्तक जातं. यंत्र चालू कसं करायचं, बंद कसं करायचं, बिघडलं तर कुठं हात घालायचा आणि कुठं अजिबात घालायचा नाही, हे सगळं त्यात असतं. ते पुस्तक लिहिणारं आमचं खातं. खातं म्हणजे दोन टेबलं आणि एक कपाट. मी इंग्रजीची एम. ए., निगडीत वाढलेली, पाना कुठल्या बाजूनं धरतात हेही धड माहीत नसलेली. मामा आयटीआय झालेले, यंत्राच्या आवाजावरून त्याचा आजार ओळखणारे, पण इंग्रजी वाक्य लिहायचं म्हटलं की घाम फुटणारे. शॉपवर आम्हाला आंधळ्या-पांगळ्याची जोडी म्हणायचे. त्यातलं आंधळं कोण आणि पांगळं कोण, ह्यावर आमचा बारा वर्षं वाद चालला.

मी लागले त्या पहिल्या आठवड्यात एक पान मोठ्या झोकात लिहून त्यांच्यापुढं ठेवलं होतं. चालकानं योग्य ती दक्षता घ्यावी, अशा अर्थाचं एक डौलदार इंग्रजी वाक्य त्यात होतं. मामांनी त्याचा अर्थ मला मराठीतून सांगायला लावला. मग म्हणाले, "ताई, हे वाचून त्यानं नेमकं करायचं काय?" मी म्हटलं, "काळजी घ्यायची." ते म्हणाले, "म्हंजी कुठला हात कुठं ठिवायचा?" मग ते उठले आणि मला यंत्रापाशी घेऊन गेले. पुढची बारा वर्षं हेच चाललं. मी लिहायचं, त्यांनी विचारायचं, आणि दोघांनी उठून यंत्रापाशी जायचं.

तीनेक वर्षांपूर्वी कंपनीनं एआय आणलं. हिंजवडीहून एक तरतरीत प्रशिक्षक आले. कॉन्फरन्स रूममध्ये सगळ्यांसमोर त्यांनी एकच ओळ टाइप केली, हायड्रॉलिक प्रेसचं मेंटेनन्स मॅन्युअल लिहा, आणि पडद्यावर बघता बघता चाळीस पानं उतरली. टाळ्या पडल्या. मामांनी हात वर केला. "सायेब, ही प्रेस कुणाची?" प्रशिक्षक म्हणाले, "कुणाचीही, सर. जनरल आहे." मामा म्हणाले, "जनरल प्रेस म्या इतक्या वर्सांत बघितली न्हाई." सगळे हसले. म्हातारा घाबरला, असं बऱ्याच जणांना वाटलं, खोटं कशाला बोलू, मलाही वाटलं. पण पुढच्याच सोमवारी मामा माझ्या टेबलापाशी खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, "ह्येच्याशी मराठीत बोलायचं कसं, तेवढं दाखवा."

मामांची एआयला सांगायची पद्धत बघण्यासारखी होती. आधी ते पाठकोऱ्या कागदावर पेन्सिलनं लिहीत, खोडत, परत लिहीत, आणि मग एका बोटानं टाइप करत. बाकीच्यांचं मागणं एका ओळीचं असे, मामांचं दीड पानांचं. त्यातलं एक मला तोंडपाठ आहे. "तू आपल्या खात्यात आज नवीन लागला आहेस. यंत्र तू पाहिलेलं नाहीस, हे आधी ध्यानात ठेव. वाचणारा माणूस फिटर आहे. तो उभा आहे, बसलेला नाही. त्याच्या हाताला तेल आहे, म्हणून त्याला पान उलटायला लावू नकोस. एक काम एका पानात संपव. एका वाक्यात एकच काम सांग. धोका असेल तर कामाच्या आधी सांग. एका वस्तूला एकच नाव दे; झाकण म्हणालास तर शेवटपर्यंत झाकणच म्हण, मध्येच कव्हर म्हणालास तर त्याला वाटेल दुसरं काही आहे. सोबत आपल्या जुन्या पुस्तकातलं एक चांगलं पान देतो, त्या वळणानं लिही. लिहिण्याआधी काय विचारायचं ते विचार. आणि जे तुला माहीत नाही ते लिहू नकोस. तिथं रिकामी रेघ ओढ आणि पुढं लिही, यंत्रापाशी जाऊन पाहा."

मी त्यांना चिडवायची. साऱ्या जगाला अहो-जाहो करणारे मामा ह्या एकट्याला अरे-तुरे करायचे. मी म्हटलं, "मामा, हे यंत्राला लिहिताय की नव्या माणसाला?" ते म्हणाले, "तेच्यात काय फरक हाय? दोगंबी हुशार. दोगांनीबी मशीन बघितली न्हाई. आन दोगांनाबी ठावं न्हाई म्हणायची लाज वाटती. मग ती परवानगी आपुनच देऊन ठिवायची." मी हसले होते. नंतर त्यांनी एक लांबट, लाल कापडी पाठीची वही आणली आणि तिच्यात तीन रकाने आखले. काय हवं, यंत्रापाशी काय दिसलं, पाहणाऱ्याचं नाव. एआयनं दिलेल्या मसुद्यात जितक्या रेघा असतील तितक्या ओळी वहीत उतरवायच्या, यंत्रापाशी जायचं, आणि बघून आल्यावर भरायचं. ह्या वहीचा एक नियम होता, आणि मामा त्याबाबतीत सोवळ्यातल्या बाईइतके कडक होते. जो जाऊन बघून आला त्यानंच, स्वतःच्या अक्षरात भरायचं. दुसऱ्याच्या वतीनं भरायचं नाही. एकदा मी घाईत त्यांच्या नावापुढं मीच एक आकडा लिहिला, तर त्यांनी ती ओळ खोडून परत जिना उतरून शेड गाठली. गुडघे दुखत होते तरी.

दुपारी आम्ही कॅन्टीनच्या कोपऱ्यात डबा खायचो. मामांच्या डब्यात बहुधा मेथी किंवा वांगं, दोन भाकऱ्या आणि कांदा. अर्धी भाजी ते न विचारता माझ्या झाकणात टाकायचे. मी म्हणायची, "मामींच्या हाताला चव आहे हं." ते म्हणायचे, "सांगतो तिला." बारा वर्षांत मामींना मी एकदाही पाहिलं नाही. देहू कंपनीपासून अर्ध्या तासावर. येते एकदा, येते एकदा, असं मी म्हणत राहिले आणि मामाही या या म्हणत राहिले.

दोन वर्षांपूर्वी चैत्रात मामा एका सकाळी फोनवर म्हणाले, "ताई, पंधरा दिवस मी न्हाई. घरचं काम हाय." मागं कधीतरी ते खोलीला गिलावा करायचाय असं म्हणाले होते. तेच असणार, असं मी ठरवून टाकलं. कुणी विचारलं तर सांगतही सुटले, मामांचं बांधकाम काढलंय म्हणून. उलट काही सांगणारंही कुणी नव्हतं. त्यांच्या गावाकडची, त्यांच्या बरोबरीची सगळी माणसं केव्हाच कंपनी सोडून गेली होती.

त्याच पंधरा दिवसांत एक प्रेस चाकणमधल्या एका कारखान्याला जायची होती. गिऱ्हाइकाच्या मागणीनुसार तिच्यात बरेच बदल केले होते. पुस्तक तिच्याबरोबरच जायला हवं होतं. मी मामांचं दीड पान एआयला दिलं, मसुदा आला, त्यात एकोणीस रेघा होत्या. यंत्र पार शेवटच्या शेडमध्ये, बांधाबांध चाललेली. बाहेर ऊन होतं, पाचची बस गाठायची होती आणि शेडपर्यंत चालत जायचा मला कंटाळा आला होता. एवढंच कारण आहे. ह्याहून मोठं, जरा शोभेल असं कारण शोधायचा मी दोन वर्षं प्रयत्न केला, सापडलं नाही. मी मामांच्या मजकुरातली शेवटची दोन वाक्यं पुसली आणि एआयला परत लिहायला सांगितलं. सगळ्या रेघा भरून आल्या. कुठं अडखळायला होईना, पुस्तक इतकं नीटस झालं की वाचून मला बरं वाटलं. खाली कॉम्प्युटरवर साठवलेली मामांची मंजुरीची सही लागायची. "मी नसलो तर तुमीच घाला, आपलं एकच हाय," असं त्यांनीच सांगून ठेवलेलं. मी घातली, आणि पाचची बस मिळाली.

आमच्या प्रेसमध्ये एक टाकी असते, ती पंप बंद केल्यावरही आत दाब धरून ठेवते. तो दाब उतरलाय का, हे तिच्या गेजवर बघितल्याशिवाय झाकण उघडायचं नाही. आमच्या नेहमीच्या प्रेसमध्ये ते गेज समोर असतं. ह्या प्रेसमध्ये ते मागं होतं, आणि समोरचं गेज फक्त पंपाचा दाब दाखवायचं. एकोणीस रेघांतली एक रेघ नेमकी ह्याचीच होती. ती एआयनं भरली होती, समोरच्या गेजवर शून्य दिसल्यावर झाकण उघडावे. कुणालाही पटावं असंच वाक्य होतं. मामा रजेवरून परत आले त्याला आठवडा झाला असेल, तेव्हा तिकडून फोन आला. त्यांच्या फिटरनं पंप बंद केला, समोरच्या गेजवर शून्य बघितलं, झाकण सैल केलं, आणि आतलं कढत तेल त्याच्या हातावर आलं. मनगटापासून कोपरापर्यंत हात भाजला.

चौकशी त्याच कॉन्फरन्स रूममध्ये झाली. साहेबांनी ते पान टेबलावर ठेवलं आणि विचारलं, "हे कुणी लिहिलं?" मी तोंड उघडलं होतं असं मला वाटतं. खरं सांगायचं तर नक्की आठवत नाही, आणि जे नक्की नाही ते भरायचं नाही असं आता मी ठरवलंय. मामा म्हणाले, "खाली सही कुणाची हाय? माझी ना? मग पान माझं." साहेब म्हणाले, "पण तुम्ही रजेवर होता, गराडे." मामा म्हणाले, "सही रजेवर नव्हती, सायेब." त्यावर कुणी काही बोललं नाही. मीही नाही. निवृत्तीनंतर दोन वर्षं त्यांना कंत्राटावर ठेवायचं जवळजवळ ठरलं होतं, ते त्या दुपारी रद्द झालं आणि ठपक्याचं एक पत्र त्यांच्या फाइलला लागलं. परत जागेवर येऊन मामांनी कॉम्प्युटरवर त्या पुस्तकाचं फोल्डर उघडलं. आत दोन मसुदे होते, एक एकोणीस रेघांचा, दुसरा एकही रेघ नसलेला, दोन्हींमध्ये वीस मिनिटांचं अंतर. त्यांनी ते बघितलं, आणि ते बघताना मी त्यांना बघितलं. फोल्डर बंद करून ते म्हणाले, "चला ताई. त्या गड्याला बघून येऊ."

पिंपरीतल्या दवाखान्यात तो कोपऱ्यातल्या खाटेवर बसला होता. बालाजी नाव, परभणीकडचा, चाळिशीतला माणूस. आम्ही कोण ते कळल्यावर बिचारा उठूनच उभा राहायला लागला. चूक आपली नव्हती हे आम्हाला पटवायच्या घाईनं सांगू लागला, "पुस्तकात लिवल्याबरहुकूमच केलं बगा मी. आदी गेज बगितलं. शून्य व्हतं. मंगच झाकन काढलं." मामांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "तुजी चूक न्हाई रे बाबा. पुस्तक चुकलं." पुस्तक चुकलं, एवढंच म्हणाले. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. खरं तर त्यांनी बघितलं असतं तर मी बोलले असते, असं मी पुढं स्वतःला कितीदा सांगितलंय. बाहेर बसस्टॉपवर बसल्यावर त्यांनी विचारलं, "जेवलात का?" मी नाही म्हणून मान हलवली. त्यांनी डबा उघडून माझ्या मांडीवर ठेवला. तोंडात घास फिरत होता, काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हटलं, "मामींनी आज मीठ कमी घातलंय वाटतं." मामा रस्त्याकडे बघत म्हणाले, "व्हय. अंदाज चुकला."

पुढच्या आठवड्यात ते एकटेच चाकणला त्या कारखान्यात जाऊन आले आणि सुधारलेली पानं तयार करून पाठवली. मला फक्त इंग्रजी तपासायला दिलं. दोन महिन्यांनी ते निवृत्त झाले. शाल, श्रीफळ, भिंतीवरचं घड्याळ, दोन भाषणं. भाषणं करणाऱ्यांत मीही होते. मामांनी मला घडवलं असं मी बोलले, लोक भारावले, आणि मला माझ्याच आवाजाची किळस आली.

त्यानंतर त्यांची खुर्ची काही दिवस रिकामी होती, मग ती कुणीतरी मीटिंगला नेली आणि परत आणली नाही. त्यांच्या जागी आलेला मुलगा घरून काम करतो, पडद्यावर भेटतो. मामांचं दीड पान आता साऱ्या कंपनीत फिरतं. "मॅडम, तो मामा प्रॉम्प्ट द्या ना," म्हणून लोक मागून नेतात आणि मला धन्यवाद देतात. यंत्रापाशी मी एकटीच जाते. बघून आल्यावर हे असं असं होतं हो, असं सांगायला शेजारी माणूस नाही, ह्याची मला अजून सवय झालेली नाही. लाल पाठीची वही मी बरीच शोधली, सापडली नाही. दिवाळीला आणि पाडव्याला मामांना फोन करायची. म्हणायची, "मामी बऱ्या आहेत ना? नमस्कार सांगा." ते म्हणायचे, "सांगतो. तुमी कशा हायसा?" दर वेळी फोन उचलताना वाटायचं की आज बोलावं... आणि दर वेळी हवापाण्यावर येऊन तो संपायचा.

ते गेल्यावर वर्तमानपत्राच्या ह्या पुरवणीसाठी त्यांच्यावर लिहायचं मी ठरवलं. सवयीनं आधी एआयपुढं बसले. मामांचंच दीड पान थोडं बदलून घातलं, वाचणारा माणूस मामांना ओळखत नाही असं सांगितलं, मला ठाऊक होतं ते सगळं ओतलं आणि शेवटची दोन वाक्यं ह्या वेळी तशीच ठेवली. जे आलं त्यात शब्दांपेक्षा रेघा जास्त होत्या. घर कसं होतं, रेघ. पत्नीचं नाव काय, रेघ. निवृत्तीनंतर दिवस कसा घालवत, रेघ. शेवटची भेट केव्हा, रेघ. प्रत्येक रेघेपुढं तेच, यंत्रापाशी जाऊन पाहा. बारा वर्षं शेजारी बसले होते मी त्यांच्या. त्या रविवारी निगडीहून बस पकडून देहूला गेले.

घर इंद्रायणीच्या बाजूला, एक खोली आणि स्वयंपाकघर. भिंतींना गिलावा नव्हताच. मामांची मुलगी सविता जुन्नरहून आवराआवर करायला आली होती. मी नाव सांगितलं तशी तिनं बसायला सतरंजी टाकली. मी म्हटलं, "मामींना भेटायला आले." ती म्हणाली, "आईला? आईला जाऊन दोन वर्सं झाली की, चैत्रात. आबा बोललं न्हाईत तुमाला?" मी नाही म्हटलं. ती म्हणाली, "कंपनीचा मेसेज आला व्हता आमच्या ह्यांच्या फोनवर, त्यात पत्नी हाय असं लिवलेलं. आमी म्हनलं लिवनारानं चुकून लिवलं." मी तिला तेव्हा सांगू शकले नाही की ती ओळ मीच दिली होती. मनात नुसते हिशोब लागत गेले. चैत्र. पंधरा दिवस घरचं काम. परत आल्यावर आठवड्यात ती चौकशी. बसस्टॉपवरचा तो डबा. मामांनी मला एकदाही खोटं सांगितलं नव्हतं. त्यांनी तेवढी जागा रिकामी सोडली होती, आणि मी ती माझ्या मनानं भरत गेले होते. आणि सांगतो म्हणायचे ते... ते कुणाला सांगत असतील, हे मला माहीत नाही.

दोन वर्षं ते त्या खोलीत एकटे राहिले. सकाळी नळाला पाणी आलं तरी दार उघडलं नाही म्हणून शेजारणीनं सविताला फोन केला, तोवर झोपेतच सगळं झालं होतं. हे सांगून सवितानं फडताळातून एक वही काढली. "ही ऑफिसची दिसती. पाठीमागून आबांनी भाज्या लिवल्यात." लाल कापडी पाठ. मी ती उलटी बाजू उघडली. सविता सांगत होती, मामींचं दुखणं वाढलं तेव्हा मामांनी त्यांच्याकडून एकेक पदार्थ विचारून लिहून घेतला होता, अगदी आमच्या पुस्तकांच्या वळणानं. वर लिहिलेलं, 'मेथीची भाजी. वाचणारा माणूस: मी. यापूर्वी स्वयंपाक केलेला नाही.' मग एका वाक्यात एक काम. मेथी निवडा. देठ टाका. तीन पाण्यांतून काढा. लसूण ठेचा. कढईत तेल तापल्याशिवाय लसूण टाकू नका, हा इशारा कामाच्या आधी. आणि शेवटाकडे, 'मीठ: ______ (ती म्हणते, अंदाजानं. परत विचारायचं.)' वांगं, पिठलं, आमटी, सगळ्या पानांवर मिठापुढं तीच रेघ. एकही भरलेली नव्हती. मी ओंजळीत तोंड धरून रडले, सविता माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिली, आणि खरं तर बाप तिचा गेला होता.

ती चहा टाकायला आत गेल्यावर मी वही सुलटी केली आणि शेवटचं लिहिलेलं पान काढलं. त्या प्रेसचं पान होतं. मी वहीत उतरवल्याच नव्हत्या त्या एकोणीस ओळी मामांनी उतरवल्या होत्या आणि चाकणला जाऊन एकूण एक भरल्या होत्या, पाहणाऱ्याचं नाव बबन गराडे, एकोणीस वेळा. गेजच्या ओळीत, 'मागच्या बाजूला, फिटरच्या गुडघ्याइतकं खाली.' त्याखाली विसावी ओळ होती. काय हवं, ह्या रकान्यात त्यांनी लिहिलं होतं, 'रेघा का पुसल्या.' पुढचे दोन्ही रकाने कोरे. उत्तर त्यांना ठाऊक होतं, नावही ठाऊक होतं. पण दुसऱ्याच्या वतीनं भरायचं नाही हा नियम त्यांचाच होता, आणि साऱ्या कंपनीसमोर माझं नाव न घेणाऱ्या माणसानं तो आपल्या घरातल्या वहीतही पाळला होता. माझ्यासाठी जागा ठेवून ते दोन वर्षं थांबले होते.

मी पर्समधून पेन काढलं. दुसऱ्या रकान्यात लिहिलं, 'ऊन होतं. शेडपर्यंत गेले नाही.' तिसऱ्यात माझं पूर्ण नाव लिहिलं. अक्षर वेडंवाकडं आलं. चहा घेऊन आलेल्या सविताला मग सगळं सांगितलं, पुस्तकाचं, सहीचं, आणि त्या पत्नी शब्दाचंही. तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आबा तुमचं नाव लई घ्यायचं," आणि कप उचलून आत गेली. सोमवारी साहेबांच्या केबिनमध्ये जाऊन तेच सांगितलं, आणि मामांच्या फाइलमधल्या ठपक्याच्या पत्राला माझं पत्र जोडा म्हटलं. साहेब म्हणाले, "मॅडम, आता त्याचा काय उपयोग? माणूस गेला." मी म्हटलं, "वाचणारा कुणीतरी असतो, साहेब." बालाजी कुठं असतो ते शोधते आहे. त्याच्यापाशीही जायचं आहे.

वही सवितानं मला दिली. ती माझ्या टेबलावर असते, नव्या रेघा मी तिच्यातच उतरवते. दुपारी डबा उघडायच्या आधी कधीतरी ती उलटी करून मेथीचं पान वाचते. परवा घरी ती भाजी त्या पानाबरहुकूम करून बघितली. निवडली, धुतली, लसूण ठेचला, तेल तापायची वाट बघितली. मिठापाशी आले आणि चमचा हातात धरून थांबले. मग अंदाजानं घातलं. जरा कमीच पडलं. वहीत मी काही लिहिलं नाही.